दोनशे सतरावं मरण

ही गोष्ट कोणालाही खरी वाटणार नाही, आणि मला त्याचं सोयरसुतक नाही. खरी वाटेल अशी गोष्ट कोणीही सांगतो, त्यासाठी माझ्यासारखा माणूस कशाला लागतो? तर आधीच सांगून ठेवतो. मी दोनशे सतरा वेळा मेलोय आणि शेवटच्या वेळी मरायला साफ नकार दिला. मुडद्याने संप केला. असं आजवर कुठे घडलेलं नाही.

"झालं यांचं सुरू," सिस्टर म्हणते.

सिस्टर म्हणजे समोरच्या इस्पितळातली नर्स. तिचे चार पांढरे गणवेश इस्त्रीला आहेत आणि दुपारच्या पाळीआधी तिला ते हवेत, म्हणून ती या बाकावर अडकलीय. तिच्या शेजारी बसवाला. त्याच्या कोटावर इंजिनाचं तेल सांडलं होतं, त्याचा डाग निघाला की नाही हे बघायला तो आलाय. आणि त्या लांब टेबलापलीकडे, हातात इस्त्री आणि तोंडाला कुलूप, तो घडीमामा. दुकान त्याचं. मी इथला कोणीच नाही. रोज येऊन बसतो, कारण इथे ऊब असते आणि कपडे मिळेपर्यंत गिऱ्हाइकाला पळून जाता येत नाही.

मामाला काही विचारू नका. मुका नाही तो, पण बोलत नाही. पावती देताना बोट दाखवतो, कपडे झाले की मान हलवतो. शाळेत आपल्याला 'हाताची घडी, तोंडावर बोट' सांगायचे ना, ते आख्ख्या वर्गातून या एकट्याने मनावर घेतलं.

"यांना मी कुठेतरी पाहिलंय," बसवाला म्हणतो.

पाहिलं असणारच. ऐकलं नसेल. गोष्ट तिथेच आहे.

दर गुरुवारी संध्याकाळी ती गुन्ह्यांची मालिका लागायची, आठवते? अकरा वर्षं चालली. तिच्यात एक इन्स्पेक्टर होता, काळोख्या खोलीतही काळा चष्मा लावून फिरायचा. दर आठवड्याला एक खून, आणि खून म्हटला की मुडदा आला. तो मुडदा म्हणजे मी. प्रत्येक वेळी नाही, मध्येमध्ये हौशी लोकही मरायचे, पण कठीण मरण आलं की मलाच बोलावणं यायचं. बुडून मेलो, विषाने मेलो, जिन्यावरून पडलो, गालिच्यात गुंडाळलेला सापडलो. एकदा तर मीच माझा जुळा भाऊ म्हणून शेजारच्या टेबलावर मेलो. लोकांनी ओळखलं नाही, कारण माझ्या चेहऱ्याचा गुणच असा की तो लक्षात राहत नाही.

मरणं म्हणजे नुसतं आडवं होणं नव्हे. पापणी, पोट आणि पाय, तिन्ही ताब्यात लागतात. एकदा एक खरा डॉक्टर सल्ला द्यायला सेटवर आला. त्याने सहज माझं मनगट धरलं, पांढराफटक पडला आणि खिशातून मृत्यूचा दाखला काढून लिहायलाच बसला.

"नाडी कशी थांबेल काका?" सिस्टर म्हणते.

"तुमच्या इस्पितळात नसेल थांबत."

पण या तिन्हींच्या वरचा नियम एकच. मुडद्याने झोपायचं नाही. झोपलेला माणूस फार जिवंत दिसतो. छाती वरखाली होते, ओठ सुटतात, चेहऱ्यावर समाधान येतं. झोपला तो आमच्या धंद्यातून उठला. आणि मी, या बाकाशपथ सांगतो, दोनशे सतरा वेळांत एकदाही झोपलो नाही.

मामाची इस्त्री सिस्टरच्या बाहीवर जरा थांबते. पुन्हा चालायला लागते. वाफ असेल.

तर मालिकेत एक शवागार होतं. तिथली डॉक्टर म्हणजे बाई. नाटकातून आलेली, साठीची, आवाज असा की शेवटच्या रांगेतला झोपलेला माणूसही उठून बसेल. रक्ताची भयंकर भीती. खोट्या रक्ताची बाटली दिसली तरी पाचावर धारण बसायची, म्हणून माझ्या जखमा नेहमी तिच्या उलट्या बाजूला. प्रत्येक भागात ती हातमोजे काढायची आणि इन्स्पेक्टरला म्हणायची, "मेलेला माणूस खोटं बोलत नाही, साहेब." हे मी तिच्यासमोर पडून दोनशे सोळा वेळा ऐकलं आणि एकदाही हसलो नाही. यावरून माझी तयारी समजा.

दिव्यांची मांडामांड चालली की बाई माझ्या छातीवर शब्दकोडं ठेवून सोडवत बसायची. कुठे अडलं की मला विचारायची, आणि मी ओठ न हलवता उत्तर द्यायचो. तोंड मिटून आवाज काढायची विद्या मला तिथे साधली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि बाईचा मदतनीस म्हणजे हा आपला घडीमामा. हा मुळात नट नव्हेच. सेटवर धुतलेल्या चादरी पोहोचवायला यायचा, याच दुकानातून. पहिल्या दिवशी मदतनीसाचं काम करणारा नट आला नाही. याला म्हणाले, जरा त्या मुडद्यावर चादर घाल बघू. याने घातली. एक झटका दिला, चादर हवेत उभी राहिली आणि अशी अलगद खाली आली की खाली मी पडलोय याचा मलाच विसर पडला. नटाला दुसऱ्या दिवशी यायची गरज उरली नाही.

याचं काम ठरलेलं. मुडदा आला की अंगावरची चादर काढायची. बाईचं बोलून झालं की धुतलेली चादर घालायची. मग जुन्या चादरीची घडी. दोन टोकं याच्या हातात, दोन बाईच्या. बाई चालत जवळ यायची, कोपऱ्याला कोपरा लागायचा, दोघं मागे सरायची, पुन्हा जवळ. बोलायची बाई. खून कोणी केला, का केला, सगळं त्या घडीत उलगडायचं. हा फक्त मान हलवायचा. लोक खून विसरायचे आणि घडी आठवायचे. एका जोडप्याने पत्र लिहिलं होतं की घरी दोघांनी मिळून चादरीच्या घड्या घालायला सुरुवात केल्यापासून भांडणं निम्म्यावर आली.

"हे खरं वाटतंय," बसवाला म्हणतो.

"तेवढं एकच खोटं आहे. निम्म्यावर नाही, पाव हिश्श्यावर."

आता मुद्द्याचं. ते टेबल पोलादी, खोली थंडगार, आणि चादर नेहमी चार बोटं तोकडी. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, पण मुडद्याला ती सोय नसते. पाय उघडे राहायचे. कॅमेरा सुरू व्हायच्या आधी हा गुपचूप यायचा आणि माझे पाय झाकून जायचा. कोणी सांगितलं नव्हतं. दोनशे सोळा वेळा झाकले.

याची आई दूरच्या गावी लेकीकडे राहायची. डोळे केव्हाच गेलेले. दर गुरुवारी लेक तिला टीव्हीसमोर बसवायची आणि म्हणायची, आई, बघ, दादा आला. म्हातारी कान द्यायची. बाईचा आवाज यायचा, इन्स्पेक्टरचे बूट ऐकू यायचे. लेकाचा आवाज यायचा नाही. कसा येणार? अकरा वर्षांत याला एक अक्षर दिलेलं नव्हतं.

"चादर घालतो म्हणे," म्हातारी शेजारणींना सांगायची. "चादरीचा आवाज येतो मला. पण चादर कोणीही घालेल. फडफडण्यावरून मी लेक कसा ओळखू? असेल तिथे धुणं पोहोचवत, आणि हे दोघं मिळून मला शेंडी लावतायत."

हसत म्हणायची, पण म्हणायची. ब्याण्णव वर्षांची होती, म्हणजे हातात वेळही बेताचाच. हे मला याने सांगितलं नाही. याने कधी कोणाला काय सांगितलंय? बाईने सांगितलं. बाईला याच्या बहिणीने फोनवर सांगितलं होतं.

आणि मग मालिकेला नवे मालक आले. म्हणाले, हे शवागार जुनाट दिसतं. आता काचेची प्रयोगशाळा, हातात पाटीएवढे संगणक घेतलेली दोन तरणीताठी मुलं, आणि चादरीऐवजी चेनची पिशवी. झर्रकन ओढली की मुडदा बंद. एकाच भागात बाईला आणि मामाला निरोप द्यायचं ठरलं. मेल्या म्हशीला मणभर दूध, तशातली गत. अकरा वर्षं या दोघांना बसायला धड खुर्ची नव्हती, आणि त्या आठवड्यात दारात त्यांची पुरुषभर उंचीची चित्रं लावली.

निरोपाच्या प्रसंगाचे कागद आले. बाईला पानभर भाषण. मामाच्या नावापुढे तीन शब्द, 'मामा मान हलवतात.' याने कागद वाचला, चौघडी केली आणि खिशात ठेवला. मी बघत होतो. त्या घडीचा कोपरा कोपऱ्याला लागला नव्हता. अकरा वर्षांत याच्या हातून तशी घडी मी पाहिली नव्हती. तेव्हा मला कळलं की याला एखादं वाक्य किती हवं होतं.

बाईलाही कळलं असणार. ती सरळ दिग्दर्शकाकडे गेली. दिग्दर्शकाला सगळे शिट्टीसाहेब म्हणायचे, कारण कॅमेरा थांबवायचा असला की तो तोंडाने काही न सांगता गळ्यातली शिट्टी फुंकायचा.

"मामांना एक वाक्य द्या," बाई म्हणाली.

"बाई, ते बोलत नाहीत म्हणूनच लोकांना आवडतात. अकरा वर्षांचं मौन आहे ते. शेवटी तोंड उघडलं की सगळं मुसळ केरात."

"त्यांच्या आईला ऐकायचंय."

"बघणारे लाखो आहेत हो. आई एकच आहे."

"लाखांना ते दिसतात. तिला दिसत नाहीत."

शिट्टीसाहेब घड्याळाकडे बघून म्हणाले, "सहाला सुतार येतायत, सेट मोडायला. अख्खा प्रसंग एका दमात घ्यायचाय, कॅमेरा मध्ये थांबणार नाही. चला, उभे राहा."

माणूस वाईट नव्हता. हट्टी होता. आणि हट्टी माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, त्याचं काम अडवावं लागतं. आता विचार करा, कॅमेरा न थांबवता घ्यायच्या प्रसंगात काम अडवणं कोणाच्या हातात असतं? इन्स्पेक्टर चुकला तर त्याला ओरडतात, बाई चुकली तर पाणी देतात. मुडदा चुकला तर काय करणार? मारून टाकणार? मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही.

मी ठरवलं. मामाला वाक्य मिळेपर्यंत मी मरणार नाही.

त्या दिवशी मामाने एक गोष्ट केली. शेवटचा दिवस म्हणून सेटवरच इस्त्री लावली, पलंगाला पुरेल अशी लांबरुंद नवी चादर आणली आणि कडक इस्त्री मारून, वाफा निघत असतानाच माझ्या अंगाखाली निम्मी अंथरली आणि निम्मी पायांवरून वर घेतली. अकरा वर्षं गारठलेल्या हाडांना ती ऊब कशी लागली असेल, सांगा. दुसरा एखादा साधा मुडदा असता तर त्याला तिथल्या तिथे डुलकी लागली असती. मला नाही लागली. मी जागा होतो, सावध होतो, सापासारखा.

"साप पण झोपतात," बसवाला म्हणतो.

"तुमच्या मार्गावरचे झोपत असतील."

पहिल्यांदा कॅमेरा सुरू झाला. बाईने टेबलाच्या कडेवर हात ठेवला आणि भाषण सुरू केलं. "या टेबलावरून एवढी माणसं गेली, आणि जाताना प्रत्येकाने मला काहीतरी खरं सांगितलं..." सुंदर बोलत होती. मला वाईट वाटलं, पण संप म्हणजे संप. मी तोंड मिटून घशातून आवाज काढला. गंजलेली बिजागरी कुरकुरावी तसा, लांब, शेवटी वर चढणारा. शिट्टी वाजली. "दार कोणी उघडलं?" सगळ्या दारांना तेल पाजलं.

दुसऱ्यांदा पातेलं उकळल्याचा आवाज काढला. खदखद, खदखद, मग क्षणभर शांतता, मग एकदम फुस्स. साउंडवाल्याने कानावरची यंत्रं काढली आणि वाकून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत निव्वळ कौतुक होतं.

"डोळे मिटलेले असताना नजर दिसली?" सिस्टर.

"केसभर फट ठेवायची असते. धंद्याची गुपितं विचारू नयेत."

तिसऱ्यांदा म्हटलं, आता जरा अंग वापरू. बाई ऐन रंगात आलेली आणि मी एक सणसणीत लाथ झाडली. चिमट्यांचा ट्रे उडाला तो थेट इन्स्पेक्टरच्या चष्म्यावर. अकरा वर्षांत पहिल्यांदा लोकांना त्याचे डोळे दिसले. चांगले होते बिचाऱ्याचे.

चौथ्यांदा नाकाने शिट्टी वाजवली. हुबेहूब साहेबांची. दिवे विझले, कॅमेरा बंद झाला, दोघं चहाला गेले. शिट्टीसाहेब ओरडतायत, "अरे, मी वाजवलीच नाही!" आणि लोक म्हणतायत, "साहेब, आम्ही ऐकली ना."

पाचव्यांदा करवत. जाड लाकडावर चालते तशी, दमादमाने. बाहेर सुतार लवकर येऊन बसले होते. त्यांना वाटलं, आत काम सुरू झालं, आपण मागे पडलो. धावत आले आणि शवागाराची एक भिंत उचलून घेऊन गेले. ती परत आणून लावण्यात पाऊण तास गेला. सहाव्यांदा मी नुसता ओठांनी मचमच आवाज केला, आणि तेवढ्याने बाईच फुटली. हसता हसता टेबलावर डोकं टेकलं तिने.

"काका," सिस्टर म्हणते. ती आता सरसावून बसलीय. "हे सगळे आवाज एकाच जातीचे वाटतात मला."

"एकाच कलावंताचे आहेत, म्हणून."

शिट्टीसाहेबांच्या नाकी नऊ आले. सहाला वीस मिनिटं उरलेली. ते माझ्या कानाशी आले आणि जोरात म्हणाले, "अहो, उठा!" बोलणी करायची असली की समोरच्याला उठून बसायला सांगतात, ती एक रीत असते. मी काही लगेच उठलो नाही. त्यांनी माझा खांदा धरून हलवला, म्हणजे विनवणीच केली म्हणा. तेव्हा मी शांतपणे म्हणालो, "साहेब, मामांना एक वाक्य द्या. नाहीतर हा मुडदा आज मरायचा नाही."



बाई म्हणाली, "माझं अर्धं पान कापा. जागा होईल."

आणि शिट्टीसाहेब, तो हट्टी माणूस, हात जोडून म्हणाला, "एक. छोटंसं. काय हवं ते म्हणा, पण हा मुडदा मरू दे."

सातव्यांदा कॅमेरा सुरू झाला. घड्याळात सहाला दहा कमी. दारात सुतार हातोड्या घेऊन उभे. बाई निम्म्या पानापर्यंत आली आणि थांबली. तिने हातमोजे काढले, एकावर एक ठेवले. ते नेहमीचं वाक्य आता येणार म्हणून सगळे बघत होते. ते आलंच नाही. ती एवढंच म्हणाली, "मामा, झाका आता."

मामा पुढे आला. चादर छातीवरून वर घेतली, चेहऱ्यावर घेतली. मग खाली गेला आणि पाय नीट गुंडाळले, दोन्ही बाजूंनी कड आत खोचली. आणि बोलला. अकरा वर्षांनी. आवाज जरासा घोगरा, पण खणखणीत.

"पाय झाकलेत. आता नीट झोप."

बस्स, एवढंच.

बाईच्या कागदावर पुढे काही लिहिलेलं नव्हतं. तिने जुनी चादर उचलली, दोन टोकं मामाच्या हातात दिली. दोघं मागे सरली, चादर ताणली, जवळ आली. कोपऱ्याला कोपरा लागला. पुन्हा मागे, पुन्हा जवळ. चादर लहान होत गेली. दर वेळी बाई बोलायची आणि मामा मान हलवायचा. या वेळी मामाने मान हलवली नाही, बाईच हलवत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. शेवटची घडी तिच्या हातात राहिली. ती तिने काखेत धरली, टेबलावरचा दिवा मालवला आणि निघून गेली. मामा तिथेच उभा, एक हात माझ्या पायांवर. शिट्टी वाजलीच नाही. साहेबांनी ती दातांत धरली होती, दुसऱ्या दिवशी तिच्यावर दातांचे ठसे होते. सुतारांपैकी एक जण दाराआड जाऊन नाक शिंकरून आला.

बसवाला खिशात रुमाल शोधतोय. सापडत नाहीये. मामाने टेबलावरून एक इस्त्रीचा रुमाल सरकवला, कोणाचा कोण जाणे.

"आणि आई?" सिस्टर विचारते.

आईचंच तर सांगत होतो. गुरुवारी तो भाग लागला. इथे दुकानात आम्ही तिघं, मामा, बाई आणि मी. बाईने ती घडी केलेली चादर मांडीवर ठेवलेली. भाग संपला आणि दोन मिनिटांत फोन वाजला. हाच, भिंतीवरचा. मामाने उचलला आणि धरून उभा राहिला. पण म्हातारी एवढ्या मोठ्याने बोलायची की फोन उचललाच नसता तरी आम्हाला ऐकू आलं असतं.

"तूच रे तो," म्हणाली.

याने मान हलवली. फोनवर. मी म्हटलं, अरे शहाण्या, हूं तरी म्हण. हा म्हणाला, "हूं."

"मी लहानपणी तुम्हा तिघांवर ती एक चादर घालायचे ना, तेव्हा हेच म्हणायचे. पाय झाकलेत, आता नीट झोपा. अकरा वर्षांत एक वाक्य बोललास, आणि तेही माझंच चोरून." मग म्हणाली, "आवाज खोल गेलाय तुझा. वेळेवर जेवतोस ना?"

पुढे ती दोन वर्षं जगली. दर गुरुवारी तो भाग पुन्हा लावायला सांगायची. खून, तपास, इन्स्पेक्टर, काही नको, शेवटचंच लावा म्हणायची. आणि शेजारणींना सांगायची, ऐका, माझा लेक बोलणार आहे. बाई अजून येते इथे, महिन्यातून एकदा, धुवायला काही असो नसो. येते आणि या टेबलाच्या त्या टोकाला उभी राहते, आणि दोघं मिळून दुकानातल्या सगळ्या मोठ्या चादरींच्या घड्या घालतात.

तर ही अशी गोष्ट. एका मुडद्याने, पोलादी टेबलावर पडून, डोळ्यांत तेल घालून जागं राहून, मित्राला त्याचं वाक्य मिळवून दिलं. मी उपकार म्हणत नाही. मामाही काही म्हणत नाही, तो तर काहीच म्हणत नाही.

"एक शंका आहे," सिस्टर म्हणते. तिचे चारही गणवेश तयार होऊन समोर टांगलेत, पण ती उठत नाही. "मामांनी 'नीट झोप' का म्हटलं? 'झोप' ठीक आहे. मेलेल्या माणसाला 'नीट' कोण म्हणतं? आमच्या वॉर्डात मी हे रोज म्हणते, पण जिवंत पेशंटला. उताणा झोपून सगळा वॉर्ड जागवतो ना एखादा, त्याला."

"सिस्टर, हाच तर त्या वाक्याचा मोठेपणा," मी सांगतो. "माणूस जन्मभर वाकडा झोपतो. कुणाचं उशीवरून भांडण, कुणाचं खिडकीवरून. मरण आलं की पहिल्यांदा त्याला नीट झोपता येतं. एवढं सगळं त्या एका शब्दात आहे. तो शब्द मामाला सुचला, कारण समोर पडलेल्या माझ्या चेहऱ्यावर त्याला मृत्यूची ती गाढ, ती निश्चल, ती आवाजसुद्धा न करणारी..."

टेबलापलीकडे इस्त्री उभी राहते. तिचा टक् असा आवाज होतो. बसवाला वळून बघतो, सिस्टर बघते, मी बघत नाही.

"थापाड्या," मामा म्हणतो, "मला कोणी वाक्य दिलंच नव्हतं. तू सातव्यांदा घोरायला लागलास, म्हणून म्हणालो."